राजीनाम्यावर सही करण्याआधी : आजारपणामुळे नोकरी सोडताना पेन्शनचं काय होतं

माझा मोठा भाऊ नाशिकजवळच्या अंबडच्या एका कारखान्यात टर्नर (लेथ मशीन चालवणारा) होता. आठ वर्षं काम केलं, मग मूत्रपिंडं निकामी झाली आणि आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झालं. तिन्ही शिफ्टमध्ये उभं राहून मशीन चालवणं संपलं, हे त्यालाही कळलं होतं. टाइम ऑफिसमधल्या माणसानं सांगितलं, "साधा राजीनामा दे, पीएफ लवकर निघेल." कारणाच्या जागी 'वैयक्तिक कारणास्तव' असे दोन शब्द लिहून त्यानं सही केली. पीएफ निघाला, सोबत पेन्शनच्या खात्यातली रक्कमही एकरकमी काढून घेतली, आणि ते पैसे वर्षभरात औषधांत गेले.

त्या दोन शब्दांऐवजी खरं कारण लिहिलं असतं आणि सोबत योग्य दाखला जोडला असता, तर त्याला आयुष्यभर दरमहा पेन्शन मिळाली असती आणि त्याच्यामागे वहिनीलाही. हे मला कळलं तेव्हा उशीर झाला होता. तेव्हापासून सातपूर, अंबड, सिन्नर भागातल्या ज्या घरात असा प्रसंग येतो तिथे मी जातो आणि कागद नीट लावायला बसतो. नव्यानं या सगळ्यात पडलेल्या माणसाला जे आधी कळायला हवं, तेच इथे लिहितो आहे.

आधी तुमची पेन्शन कोणती ते ओळखा

खासगी कारखान्यात, ठेकेदाराकडे, दुकानात किंवा खासगी शाळेत पीएफ कापला जात असेल, तर तुमची पेन्शन म्हणजे कर्मचारी पेन्शन योजना १९९५. ही योजना १६ नोव्हेंबर १९९५ पासून लागू आहे. तुमच्या पगारातून कापले जाणारे १२ टक्के पूर्णपणे पीएफमध्ये जातात. मालकाच्या १२ टक्क्यांतले ८.३३ टक्के पेन्शनला जातात आणि उरलेले पीएफला. हे ८.३३ टक्के जास्तीत जास्त १५,००० रुपये पगारावर मोजतात, त्यामुळे पगार कितीही असला तरी पेन्शन खात्यात महिन्याला १,२५० च्या वर बहुतेकांचे जात नाहीत.

तुमच्या पासबुकात पेन्शनचा वेगळा रकाना असतो. तो आजच उघडून बघा. उमंग अॅपवर किंवा पीएफच्या संकेतस्थळावर यूएएन (पीएफचा तुमचा कायमचा क्रमांक) टाकला की दिसतो. १ सप्टेंबर २०१४ नंतर पहिल्यांदा पीएफमध्ये आलेला आणि तेव्हाच १५,००० पेक्षा जास्त पगार असलेला माणूस या पेन्शन योजनेत मुळातच नसतो. त्याच्या रकान्यात शून्य दिसेल, कारण मालकाचा सगळा वाटा पीएफमध्ये गेलेला असतो. अशा माणसानं पेन्शनच्या अर्जामागे धावण्यात अर्थ नाही. त्यानं पीएफ आणि ग्रॅच्युइटीकडे लक्ष द्यावं.

काही मोठ्या कारखान्यांचा पीएफ कंपनीच्या स्वतःच्या ट्रस्टमध्ये असतो. तिथेही पेन्शनचा हिस्सा साधारणपणे सरकारी भविष्यनिधी (पीएफ) संघटनेकडेच जातो, म्हणून पेन्शनचा अर्ज शेवटी तिकडेच जाणार.

सरकारी नोकरीतल्यांचे नियम निराळे आहेत, त्यांच्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

योजनेत नेमकं काय लिहिलं आहे

साध्या म्हातारपणाच्या पेन्शनला किमान १० वर्षांची पेन्शनपात्र सेवा लागते आणि वय ५८ असावं लागतं. पन्नाशीनंतर लवकर पेन्शन घेता येते, पण ५८ ला जितकी वर्षं कमी तितक्या वर्षांची दरवर्षी ४ टक्के घट सोसावी लागते. दहा वर्षं भरली नसतील तर एकरकमी रक्कम घ्यायची, नाहीतर योजना प्रमाणपत्र (आधीची सेवा पुढे मोजली जावी म्हणून मिळणारा दाखला) घेऊन पुढच्या नोकरीची वाट बघायची.

कायमच्या आणि पूर्ण अक्षमतेला मात्र यातली एकही अट नाही. ना १० वर्षांची, ना वयाची, ना ४ टक्के कपातीची. योजनेच्या १५ व्या परिच्छेदानुसार नोकरीत असताना सभासद कायमचा आणि पूर्णपणे अक्षम झाला आणि त्याच्या नावावर निदान एका महिन्याची वर्गणी भरलेली असली, तरी तो पेन्शनला पात्र होतो. अक्षमता आली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून ती सुरू होते आणि हयातभर चालते. ठेकेदाराकडे दोन-चार महिने राबलेल्या बावीस वर्षांच्या पोरालाही ही तरतूद लागू आहे.

आता 'पूर्ण अक्षम' या शब्दांचा अर्थ. बहुतेक लोक इथेच हार मानतात. त्यांना वाटतं, माणूस अंथरुणाला खिळला असला तरच हे मिळतं. तसं नाही. वैद्यकीय तपासणीत बघायचं असतं ते एवढंच, की अक्षमता आली त्या वेळी माणूस जे काम करत होता त्या कामाला तो कायमचा आणि पूर्णपणे असमर्थ झाला आहे का. वेल्डरची दृष्टी गेली, फर्नेसवरच्या माणसाचं हृदय उष्णता सोसेना, प्रेस ऑपरेटरचा उजवा हात लुळा पडला, तर तो घरी बसून चहा करू शकतो की नाही हा प्रश्नच येत नाही.

याच कारणानं दिव्यांग प्रमाणपत्रावरचे ४० टक्के आणि ही पेन्शन यांची गल्लत करू नका. युडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) जरूर काढा, त्याचे वेगळे उपयोग आहेत. पण ते कार्ड दाखवलं म्हणून पेन्शन मिळत नाही, आणि कार्डावर टक्के कमी आहेत म्हणून पेन्शन नाकारलीच जाईल असंही नाही.

रक्कम किती येते

सूत्र सोपं आहे : पेन्शनपात्र पगार गुणिले पेन्शनपात्र सेवेची वर्षं, भागिले ७०. पेन्शनपात्र पगार म्हणजे शेवटच्या ६० महिन्यांची सरासरी, पण १५,००० च्या मर्यादेतच.

समजा एकजण २०१६ मध्ये लागला, पगार मर्यादेच्या वरच राहिला आणि ९ वर्षांनी पक्षाघातानं काम सुटलं. १५,००० गुणिले ९ भागिले ७०, म्हणजे सुमारे १,९२९ रुपये महिना. साधा राजीनामा दिला असता तर दहा वर्षं भरली नाहीत म्हणून त्याला पेन्शन शून्य होती.

जुन्या माणसाचा हिशोब दोन तुकड्यांत होतो, कारण १ सप्टेंबर २०१४ आधी मर्यादा ६,५०० होती. त्या तारखेआधी ८ वर्षं आणि नंतर १० वर्षं सेवा असेल, तर पहिल्या तुकड्याचे सुमारे ७४३ आणि दुसऱ्याचे २,१४३, मिळून २,८८६ रुपये. सूत्रानं फारच कमी आलं तर किमान पेन्शन १,००० रुपये आहे.

रक्कम लहान आहे हे मला मान्य आहे. आजच्या भावात त्यात डायलिसिसच्या फेऱ्यांचा रिक्षाखर्चही नीट भागत नाही. तरीही ती दर महिन्याला येते, मरेपर्यंत येते आणि पाठीमागे बायकोला निम्मी चालू राहते. पंचवीस वर्षांखालच्या दोन मुलांनाही विधवा पेन्शनच्या २५ टक्के प्रत्येकी मिळतात. घरात कमावतं माणूस उरलेलं नसताना ठरल्या तारखेला खात्यात येणाऱ्या दोन हजारांची किंमत काय असते, ते मी पाहिलं आहे.

घाई करू नका : आधी रजा, विमा आणि अॅडव्हान्स

आजार कळला की कंपनीकडून दबाव येतो, घरच्यांनाही वाटतं की विषय मिटवून टाकावा. थांबा. नोकरीत असतानाच मिळणाऱ्या गोष्टी आधी घ्या.

पगार २१,००० पर्यंत असेल आणि ईएसआय (कामगार राज्य विमा) कापला जात असेल, तर सातपूरचं कामगार विमा रुग्णालय आणि तुमचा दवाखाना हे पहिलं ठिकाण. सहा महिन्यांच्या वर्गणी काळात ७८ दिवस भरले असतील, तर आजारपणाचा लाभ मिळतो : सरासरी रोजच्या मजुरीच्या ७० टक्के, वर्षात ९१ दिवसांपर्यंत. क्षयरोग, कर्करोग, पक्षाघात, मूत्रपिंड निकामी होणं अशा ठरवून दिलेल्या ३४ दीर्घ आजारांना वाढीव लाभ आहे, ८० टक्के दरानं आणि जास्तीत जास्त दोन वर्षांपर्यंत, पण त्यासाठी विम्यात सलग दोन वर्षं झालेली हवीत. हा लाभ चालू असताना ठरावीक मुदतीपर्यंत मालकाला कामावरून काढता येत नाही. माझ्या भावाला हे दोन वर्षांचे पैसेही मिळू शकले असते. कुणी सांगितलंच नाही.

दर वेळी दवाखान्याचा दाखला कंपनीत पोच घेऊन द्या. पोच देत नसतील तर रजिस्टर पोस्टानं पाठवा आणि पावती जपून ठेवा. पुढे कंपनीनं 'न कळवता गैरहजर' असा शेरा मारून नाव काढलं, तर आजारपणाचं प्रकरण गैरहजेरीचं होतं आणि मग ते सोडवणं फार कठीण जातं.

उपचारासाठी पीएफमधून आजारपणाचा अॅडव्हान्स नोकरीत असतानाच निघतो. त्यासाठी राजीनामा द्यायची गरज नसते. 'पीएफ हवा तर नोकरी सोड' असं कुणी म्हणत असेल, तर ते चूक आहे.

एक तोटा मात्र लक्षात असू द्या. बिनपगारी रजेच्या काळात पेन्शनची वर्गणी जात नाही. ते दिवस एनसीपी (वर्गणी न भरलेला काळ) म्हणून नोंदले जातात आणि सेवेतून वजा होतात. दोन-चार महिन्यांनी फरक पडत नाही, वर्ष-दीड वर्षानं पडतो.

आजार कामामुळे झाला असेल तर वाट वेगळी आणि लाभही मोठा. कारखान्यातला अपघात, कामावर येता-जाताना झालेला अपघात, फाउंड्रीतल्या धुळीनं होणारा सिलिकोसिस, प्रेसशॉपच्या आवाजानं आलेला बहिरेपणा हे सगळं ईएसआयच्या कायमस्वरूपी अपंगत्व लाभात बसू शकतं. तिथे वैद्यकीय मंडळ कमाईची क्षमता किती टक्के गेली ते ठरवतं. पूर्ण गेली असेल तर मजुरीच्या ९० टक्के दरानं पैसे मिळतात, आणि तेही हयातभर. त्यासाठी कंपनीनं अपघाताचा अहवाल वेळेत पाठवलेला असायला हवा. तो गेला की नाही हे त्याच आठवड्यात विचारा. ईएसआय लागू नसेल तर नुकसानभरपाईचा दावा करता येतो, पूर्वी कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याखाली, आता सामाजिक सुरक्षा संहितेखाली.

दाखला कसा हवा

सगळं प्रकरण या एका कागदावर उभं राहतं. पीएफची पूर्ण रक्कम काढायला कंपनीच्या वैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखला लागतो, आणि कंपनीत असा अधिकारी नसेल तर कंपनीनं नेमून दिलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचा. पेन्शनसाठी भविष्यनिधी कार्यालय सांगेल त्या वैद्यकीय मंडळापुढे जाऊन तपासणी करून घ्यावी लागते. तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांची चिठ्ठी मंडळापुढे उपयोगी पडते, पण मंडळाच्या दाखल्याची जागा ती घेत नाही.

डॉक्टर भले असतात, घाईतही असतात. ते सवयीनं लिहून जातात, 'जड काम टाळावे' किंवा 'हलक्या कामास योग्य'. त्यांना वाटतं, यानं पेशंटची नोकरी टिकेल. नोकरी टिकवायची असेल तेव्हा हे वाक्य चांगलंच आहे. पण काम खरोखर सुटलं असेल, तर याच वाक्यानं अर्ज फेटाळला जातो, कारण 'पूर्ण अक्षम' कुठेच लिहिलेलं नसतं. खोटं लिहून मागू नका. जे खरं आहे ते पूर्ण लिहून मागा : आजाराचं नाव, तो कधीपासून आहे, तुम्ही नेमकं काय काम करत होता, ते काम यापुढे कधीच करता येणार नाही का, आणि तसं का.

कामाचं वर्णन डॉक्टरला माहीत नसतं. म्हणून एका कागदावर साध्या शब्दांत लिहून न्या. 'ऑपरेटर' एवढंच लिहिलं तर डॉक्टरच्या डोळ्यांपुढे खुर्चीवर बसून बटण दाबणारा माणूस येतो. त्याऐवजी लिहा, 'आठ तास उभं राहून पंधरा किलोचे जॉब मशीनवर चढवणे-उतरवणे, दर आठवड्याला शिफ्ट बदल, रात्रपाळी.' आमच्या गल्लीतल्या एका वेल्डरचा अर्ज मंडळानं आधी बाजूला ठेवला होता. पुढच्या वेळी त्यानं असं वर्णन नेलं आणि दाखला मिळाला.

सोबत न्यायची फाइल तारखांच्या क्रमानं लावा. पहिल्या निदानाचा कागद सगळ्यात वर ठेवा, मग डिस्चार्ज कार्डं, रिपोर्ट, औषधांच्या चिठ्ठ्या. आजार नोकरीत असतानाच सुरू झाला हे त्या फाइलवरून दिसायला हवं, कारण योजनेत 'नोकरीत असताना' हे शब्द आहेत. नोकरी सोडल्यावर सहा महिन्यांनी झालेल्या निदानावर हा हक्क उभा राहत नाही.

कंपनीला काय लिहून द्यायचं

'राजीनामा' हा शब्द वापरू नका. साधारण असं लिहा :

'मी आपल्या कारखान्यात अमुक पदावर अमुक तारखेपासून काम करत आहे. अमुक आजारामुळे हे काम करण्यास मी कायमस्वरूपी व पूर्णतः असमर्थ झालो आहे. वैद्यकीय दाखला सोबत जोडला आहे. तरी माझी सेवा कायमस्वरूपी वैद्यकीय असमर्थतेच्या कारणाने अमुक तारखेपासून समाप्त करावी, भविष्यनिधीच्या पोर्टलवर सेवा सोडण्याचे कारण परमनंट डिसेबलमेंट असे नोंदवावे आणि पेन्शन, भविष्यनिधी व ग्रॅच्युइटीच्या अर्जांवर आवश्यक त्या सह्या द्याव्यात, ही विनंती.'

दोन प्रती काढा आणि एकीवर पोच घ्या.

पोर्टलवरच्या नोंदीबद्दल आणखी थोडं. मालक सेवा सोडल्याची तारीख भरताना यादीतून एक कारण निवडतो : सेवासमाप्ती, वयोमानानुसार निवृत्ती, निवृत्ती, सेवेत मृत्यू किंवा परमनंट डिसेबलमेंट. टाइम ऑफिसमधला मुलगा सवयीनं पहिलं कारण निवडून मोकळा होतो. आठ दिवसांनी स्वतःचं खातं उघडून सर्व्हिस हिस्ट्री तपासा. कारण चुकलं असेल तर जॉइंट डिक्लरेशननं (कामगार आणि मालक यांच्या संयुक्त दुरुस्ती अर्जानं) ते दुरुस्त करता येतं. त्यासाठी मालकाची संमती लागते, म्हणून कंपनीशी बोलणं-चालणं चांगलं असतानाच ते करून घ्या. पोर्टलवर स्वतः सेवा सोडल्याची नोंद करायचीही सोय आहे. पण या प्रकरणात घाईनं ती वापरू नका.

कोणते फॉर्म, आणि कोणता मुळीच नाही

पीएफची शिल्लक काढायला फॉर्म १९. साध्या राजीनाम्यानंतर पूर्ण रक्कम काढायला थांबावं लागतं, कायमच्या अक्षमतेत थांबावं लागत नाही. पेन्शनसाठी फॉर्म १०-डी. त्यात पेन्शनच्या प्रकाराच्या रकान्यात अपंगत्व पेन्शन निवडायची. जोडीदारासोबतचे फोटो, आधार, मुलांच्या वयाचे पुरावे, रद्द केलेला चेक आणि वैद्यकीय कागद जोडायचे, वर मालकाची सही आणि शिक्का घ्यायचा.

फॉर्म १०-सी भरू नका. पेन्शन खात्यातली रक्कम एकरकमी काढण्याचा तो फॉर्म आहे आणि संयुक्त दाव्याच्या अर्जात तो पीएफच्या शेजारीच छापलेला असतो. सायबर कॅफेवाला विचारतो, "दोन्ही काढायचं ना?" आणि आपण हो म्हणतो. ती रक्कम घेतली की पेन्शनचा हक्क संपला. माझ्या भावाच्या बाबतीत नेमकं हेच झालं.

अर्जाआधी दोन गोष्टी जुळवून घ्या. आधारवरचं नाव, जन्मतारीख आणि पीएफमधली नोंद अक्षरशः सारखी असावी. आणि ठेकेदार बदलत गेलेल्या माणसाचे दोन-तीन जुने पीएफ नंबर असतात, ते आधी चालू यूएएनमध्ये वर्ग करून घ्या, नाहीतर सेवा तुटकी मोजली जाते. ठेकेदार पळून गेला असेल तर मूळ कंपनीकडे जा. ठेकेदाराच्या कामगारांच्या पीएफची जबाबदारी मूळ मालकावरही असते.

ग्रॅच्युइटी आणि आयकर

पाच वर्षं झाली नाहीत म्हणून ग्रॅच्युइटी नाही, हे उत्तर आजारपणात लागू होत नाही. मृत्यू किंवा अपंगत्वानं सेवा संपली तर पाच वर्षांची अट लागत नाही, हे १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्यात लिहिलं होतं आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ते कायम आहे. अपघातानं किंवा आजारानं आधीचं काम करता न येणं, एवढाच तिथे अपंगत्वाचा अर्थ आहे. शेवटचा पगार १८,००० आणि सेवा ४ वर्षं असेल, तर १८,००० गुणिले १५ भागिले २६ गुणिले ४, म्हणजे सुमारे ४१,५३८ रुपये. साध्या राजीनाम्यावर हेच शून्य झालं असतं. लेखी अर्ज करा. ३० दिवसांत पैसे आले नाहीत तर कामगार खात्याच्या नाशिक कार्यालयात तक्रार करता येते.

कामगार कपातीची (रिट्रेंचमेंटची) नुकसानभरपाई मात्र मागू नका. सततच्या आजारपणामुळे संपलेली सेवा कायद्यानं कामगार कपातीत धरलेली नाही, त्यामुळे त्या मागणीत वेळ जातो आणि हाती काही येत नाही.

पाच वर्षांच्या आत काढलेल्या पीएफवर कर लागतो, पण सेवा आजारपणामुळे संपली असेल तर तो लागत नाही. इथेही पुन्हा सेवा सोडण्याचं कारणच कामाला येतं.

आजार फार पुढे गेला असेल तर

हे लिहिणं जड जातं, पण घरच्यांनी हे विचारात घ्यायला हवं. पीएफ असलेल्या प्रत्येक कामगाराचा एक आयुर्विमा असतो. त्याचा हप्ता मालक भरतो, आणि नोकरीत असताना मृत्यू झाला तर वारसाला जास्तीत जास्त ७ लाख रुपये मिळतात. नोकरीतून नाव निघालं की हे छत्र गेलं. शिवाय सेवेत असताना मृत्यू झाला तर विधवा पेन्शन पूर्ण दरानं ठरते, आणि पेन्शन सुरू झाल्यावर झाला तर तिच्या निम्म्यानं.

म्हणून डॉक्टरांनी काही महिन्यांचीच मुदत सांगितली असेल, तर शिल्लक रजा, ईएसआयचा आजारपण लाभ, बिनपगारी रजा यांच्या आधारानं नाव पटावर ठेवणं कुटुंबाच्या फायद्याचं ठरू शकतं. अक्षमता दीर्घकाळची असेल, माणूस पुढे वीस-तीस वर्षं जगणार असेल, तर अपंगत्व पेन्शनच बरी. हा निर्णय टाइम ऑफिसनं घ्यायचा नाही, तुम्ही घ्यायचा. आणि काहीही ठरवा, पोर्टलवर ई-नॉमिनेशन (वारसाची नोंद) आजच भरा.

सरकारी, निमसरकारी नोकरीत असाल तर

तुमच्याकडे आणखी एक मोठा हक्क आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या कलम २० नुसार, सेवेत असताना अपंगत्व आलं म्हणून सरकारी आस्थापनेला कुणाला काढता येत नाही की खालच्या पदावर ढकलता येत नाही. जुनं काम जमत नसेल तर त्याच वेतनावर दुसरं पद द्यायचं, तसं पद नसेल तर योग्य पद मिळेपर्यंत किंवा निवृत्तीच्या वयापर्यंत जादा पद निर्माण करून त्यावर ठेवायचं. कायद्यानं स्थापन झालेली महामंडळंही यात येतात. त्यामुळे डोळ्यांत दोष निघालेल्या एसटी चालकानं स्वेच्छानिवृत्तीचा कागद पुढे आला तरी आधी पर्यायी कामासाठी लेखी अर्ज करावा. मी भेटलेल्या कित्येक चालकांना हे कलम माहीतच नव्हतं.

कामच शक्य नसेल तर राज्य सरकारी कर्मचाऱ्यांना, जिल्हा परिषदेच्या शिक्षकांना 'रुग्णता निवृत्तिवेतन', म्हणजे आजारपणामुळे मिळणारी पेन्शन आहे. कार्यालयात हाच शब्द वापरा. तुमचा अर्ज विभागप्रमुखामार्फत वैद्यकीय मंडळाकडे जातो आणि सेवेस कायमचे असमर्थ असल्याचा दाखला तिथून येतो. परस्पर आणलेला दाखला चालत नाही. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना वाटतं की आपल्याला फक्त एनपीएस (राष्ट्रीय निवृत्तिवेतन प्रणाली). पण ३१ मार्च २०२३ च्या शासन निर्णयानं एनपीएसमधल्या राज्य कर्मचाऱ्यांनाही रुग्णता निवृत्तिवेतन आणि सेवा उपदान (ग्रॅच्युइटी) लागू झालं आहे. त्या निर्णयाची प्रत अर्जाला जोडा, कारण आस्थापनेतल्या लिपिकाच्या हाताशी ती असेलच असं नाही.

अर्ज दिल्यानंतर

पेन्शन मंजूर झाली की पीपीओ (पेन्शनच्या आदेशाचा) नंबर येतो. तो घरात दोघांना तरी माहीत असावा. १ जानेवारी २०२५ पासून ही पेन्शन कुठल्याही बँकेच्या कुठल्याही शाखेत घेता येते, त्यामुळे उपचारासाठी गाव बदललं तरी अडत नाही. वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यायचा असतो. तो चेहरा ओळखणाऱ्या अॅपवर घरबसल्या होतो. अंथरुणावरच्या माणसाला रिक्षात घालून बँकेत नेऊ नका.

कामाच्या अपघातानं किंवा कामाच्या आजारानं कायमचं अपंगत्व येऊन नोकरी सुटली असेल, तर वर्षाला १२० रुपये भरून निवृत्तीच्या वयापर्यंत स्वतःचे आणि जोडीदाराचे ईएसआयचे उपचार चालू ठेवता येतात. हा अर्ज लोक हमखास विसरतात.

आणि अर्ज अडला तर? फेटाळण्याचं कारण लेखी मागा. ते बहुतेक वेळा तीनांपैकी एक निघतं : सेवा सोडण्याचं कारण चुकलेलं, दाखल्यात 'कायमचा आणि पूर्ण' हे शब्द नाहीत, किंवा नाव-जन्मतारीख जुळत नाही. तिन्ही दुरुस्त होतात. भविष्यनिधीच्या तक्रार पोर्टलवर तक्रार टाका आणि तिचा नंबर जपून ठेवा. दर महिन्याच्या २७ तारखेला प्रत्येक जिल्ह्यात 'निधी आपके निकट' शिबिर भरतं. तिथे अधिकारी समोर बसलेले असतात, फाइल घेऊन सकाळी लवकर जा. उत्तरच येत नसेल तर माहिती अधिकारात विचारा, अर्ज कुणाच्या टेबलावर किती दिवसांपासून आहे. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं, आणि बऱ्याच वेळा त्या प्रश्नानंतर अर्जच पुढे सरकतो.

आजारी माणसाला या फेऱ्या झेपत नाहीत. घरातल्या एकानं पहिल्या दिवसापासून हे काम अंगावर घ्यावं आणि एक वही करावी : कुठल्या तारखेला कुणाला भेटलो, काय दिलं, पोच कुठे आहे. आमच्या घरी तशी वही नव्हती. आता मी ज्यांच्याकडे जातो त्यांना पहिल्या भेटीत शंभर पानी वही देऊन येतो आणि पहिल्या पानावर यूएएन, ईएसआयचा विमा क्रमांक आणि कंपनीत लागल्याची तारीख लिहून घेतो.